रूपकुंडाची साक्ष

गढवालात त्रिशूल पर्वताच्या कुशीत, सुमारे ५,००० मीटर उंचीवर, रूपकुंड नावाचे लहानसे तळे आहे. वर्षातील बहुतेक काळ ते गोठलेलेच असते. वाण गाव सोडले की बेदिनीचे विस्तीर्ण कुरण लागते, पुढे पातरनचौणी, आणि मग दगडांतून दम काढणारा चढ. १९४२ साली एका वनाधिकाऱ्यास या तळ्याकाठी माणसांच्या हाडांचा खच दिसला.

लोककथा सांगते की, कनोजचा राजा जसधवल गर्भवती राणी व नर्तकी यांसह नंदादेवीच्या यात्रेस निघाला. पातरनचौणीला नर्तकी नाचल्या, त्या जमिनीत गडप झाल्या. राणी वाटेतच प्रसूत झाली, देवीचे स्थान विटाळले, आणि देवीने गारांच्या माराने सर्वांचा नाश केला. दोष नाचणारणींचा आणि बाळंतिणीचा! त्यांना तेथवर नेले कोणी, हे मात्र कथा विचारीत नाही.

काही कवट्यांवर वरून बसलेल्या माराच्या खुणा आहेत, तेव्हा गारांची गोष्ट अगदीच पोकळ नव्हे. परंतु २०१९ साली ३८ जणांच्या अस्थींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांचाही वाटा होता. त्यांपैकी २३ जण भारतीय उपखंडातील वंशाचे, बहुतेक इसवी सन ८०० च्या आसपासचे, पण तेही एकाच वेळी मेलेले नव्हेत. १४ जणांचे नाते थेट ग्रीस-क्रीटकडील लोकांशी जुळते, आणि ते तर अवघ्या दोनशे वर्षांपूर्वीचे! एकाच राजाचा लवाजमा म्हणावा, तर हा हिशेब बसत नाही. या अस्थींत स्त्रियांच्याही आहेत. त्यांतील कोणीच राणी असल्याचा पुरावा नाही.