‘आडनाव’ : अर्थ आणि व्युत्पत्ती

आजच्या मराठीत ‘आडनाव’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारे कुलनाम. घरगुती, लाडाच्या अथवा लेखनासाठी घेतलेल्या नावाला ‘टोपणनाव’ म्हणतात. शब्दाची घडण पाहता मात्र ही विभागणी मुळातली वाटत नाही. आडवाट ही जशी मुख्य वाट नव्हे, तसे आडनाव हे मुख्य नाव नव्हे. ते बाजूने येऊन चिकटलेले नाव होय. गोडबोले, वाकडे, सहस्रबुद्धे ही कुलनामे कोणा पूर्वजाला लोकांनी ठेवलेल्या नावांसारखीच आहेत. बाळाजी जनार्दन भानू यांच्या बाबतीत तर ‘नाना’ हे घरगुती नाव आणि ‘फडणीस’ हा हुद्दाच इतिहासात रूढ झाला.

कन्नडमध्ये ‘अड्डहेसरु’ हा याच घडणीचा शब्द आहे. ‘अड्ड’ म्हणजे आडवे, ‘हेसरु’ म्हणजे नाव. आणि तो कुलनाम व टोपणनाव अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. तेलुगूत ‘इंटिपेरु’, म्हणजे घराचे नाव, हा शब्द आहे. गुजरातीत ‘अटक’ रूढ आहे. कोकणीत मात्र ‘आडनांव’च आढळते. त्यामुळे ही कल्पना मराठी-कोकणी-कन्नड संपर्काच्या पट्ट्यात आकाराला आली असावी.

कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न केवळ ‘आड’वरून सुटत नाही. कन्नड ‘अड्ड’, तेलुगू ‘अड्डम्’, तमिळ ‘अट्टम्’ एकीकडे. हिंदी ‘आड़ा’, गुजराती ‘आडुं’ दुसरीकडे. ‘हत्थ’पासून ‘हात’ व्हावा तसा ‘अड्ड’पासून ‘आड’ झालेला दिसतो. अर्थात हा घटक मराठीत जुना आहे. तो अलीकडे कन्नडमधून आलेला नाही. तरीही शब्द स्वतःचे आणि समासाची कल्पना शेजाऱ्याची, असे घडणे शक्य आहे.

१६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर जिंकले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून या दोन्ही भाषा या नगरात शेजारी नांदत आहेत. १९५० साली येथील मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड १९७५ पासून ‘रजनीकांत’ या नावाने पडद्यावर आले आणि गायकवाड हे कुलनाम लोकव्यवहारात मागे पडले. दस्तऐवजांनी आडनावाला अढळ केले आणि आज त्यावरून माणसाची जात ओळखण्याची घाई होते. शब्द मात्र सांगतो की, हे नाव आरंभी आडूनच आले होते.