खतना : मेम्फिस ते भेंडीबाजार

आळेफाट्याला स्त्रियांच्या खतन्याचा विषय काढला, तर ती दूर आफ्रिकेतली रूढी म्हणून बाजूला सारली जाण्याचीच शक्यता अधिक. पण इथला रस्ता माळशेज घाट उतरून ज्या मुंबईकडे जातो, त्याच मुंबईत दाऊदी बोहरा समाजातल्या साधारण सात वर्षांच्या मुलींचा खतना होत आला आहे. मोठेपणी बोलत्या झालेल्या अनेकींची हकीकत जवळपास सारखीच आहे. आजी किंवा मावशी खाऊचे आमिष दाखवून भेंडीबाजारातल्या एखाद्या जुन्या इमारतीत नेते. तिथे अनोळखी बाई ब्लेडने क्लिटोरिसवरची त्वचा कापते. आणि कुणापाशी बोलायचे नाही, अशी ताकीद मिळते.

या रूढीचे मूळ शोधत आपण मागे गेलो, की इ.स.पूर्व 163 मधल्या एका ग्रीक पपायरसपाशी येऊन पोहोचतो. इजिप्तमधल्या मेम्फिसच्या सेरापियम मंदिरात राहणाऱ्या हार्माइसने त्यात गाऱ्हाणे मांडले आहे. एका मुलीची पुंजी त्याच्यापाशी ठेव म्हणून होती; मुलीच्या खतन्याची वेळ आली, असे सांगून आईने ती नेली, पण ना खतना केला, ना पैसे परत दिले. इस्लामच्या उदयाआधी काही शतके ही चाल इतकी रुळलेली होती, की तिचा उल्लेख पैशांच्या तंट्यात सहज येतो. युरोपही यापासून अलिप्त नव्हता. लंडनचे शल्यविशारद आयझॅक बेकर ब्राउन यांनी अपस्मार आणि उन्मादावर इलाज म्हणून क्लिटोरिस कापून टाकण्याचा पुरस्कार 1866 च्या पुस्तकात केला. पुढच्याच वर्षी तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना काढून टाकले.

विसाव्या शतकात बंदीचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा बाहेरून आलेल्या हुकमाची मर्यादा लवकरच उघड झाली. 1929 मध्ये केनियातल्या मिशनांनी किकुयू ख्रिस्ती लोकांकडून खतना सोडण्याची शपथ मागितली. हजारो लोक चर्चपासून दुरावले, त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या आणि खतना हाच वसाहतवादाविरुद्धच्या अस्मितेचा प्रश्न होऊन बसला. त्यानंतर जगातल्या मोठ्या संस्थाही दबकूनच वागल्या. 1958 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने जागतिक आरोग्य संघटनेला या प्रथांचा अभ्यास करण्यास सांगितले, पण हा सामाजिक-सांस्कृतिक विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे, असे म्हणून संघटनेने 1959 मध्ये हात झटकले. वीस वर्षांनी, 1979 च्या खार्टूम परिषदेत, संघटनेची भूमिका पालटली. इजिप्तच्या डॉक्टर नवाल अल सादावी यांच्यासारख्या, खतना सोसलेल्या स्त्रिया तोवर लिहू-बोलू लागल्या होत्या. 1984 मध्ये डाकार इथे आफ्रिकी स्त्रियांची आंतर-आफ्रिकी समिती उभी राहिली. 1997 मध्ये सेनेगलच्या मालिकुंडा बंबारा गावाने जाहीरपणे खतना सोडला, इतर गावे त्याच्या वाटेने गेली आणि 1999 मध्ये देशाने कायदा केला. 20 डिसेंबर 2012 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ही प्रथा संपवण्याचा ठराव केला.

आता आपण पुन्हा मुंबईत येऊ. बोहरा धर्मपीठ सोळाव्या शतकात येमेनहून गुजरातेत आले आणि पुढे मुंबईत स्थिरावले. दहाव्या शतकातल्या काझी नुअमान यांच्या ‘दआइम अल-इस्लाम’ या ग्रंथाचा आधार देऊन हा निरुपद्रवी धार्मिक विधी आहे, असे समर्थक सांगतात. समाजातूनच याविरुद्ध पहिली ठळक नोंद रेहाना घडियाली यांनी 1991 मध्ये ‘मानुषी’त केली. प्रिया गोस्वामी यांचा ‘अ पिंच ऑफ स्किन’ हा माहितीपट 2012 मध्ये आला. 2015 मध्ये मुंबईत ‘सहियो’ ही संस्था स्थापन झाली. तिने प्रश्न विचारलेल्या 385 बोहरा स्त्रियांपैकी 80 टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता. 2015 मध्येच मासूमा रानालवी आणि इतर बोहरा स्त्रियांनी खऱ्या नावानिशी सरकारकडे बंदी मागितली.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात बोहरा मुलींच्या खतन्याच्या एका खटल्यात तिघांना दोषी ठरवले गेले. त्यानंतर 2016 मध्ये परदेशांतल्या अनेक बोहरा जमातींनी आपल्या लोकांना देशाचा कायदा पाळून खतना न करण्याच्या सूचना पत्राने दिल्या. भारतात मात्र असा स्वतंत्र कायदा नव्हता आणि आजही नाही. 2017 मध्ये बंदीची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने अधिकृत आकडेवारी नसल्याचे सांगितले. पुढे महान्यायवाद्यांनी बंदीची बाजू घेतली. सप्टेंबर 2018 मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले आणि नोव्हेंबर 2019 मध्ये शबरीमला मंदिरप्रवेशाच्या प्रकरणातल्या मोठ्या प्रश्नांशी जोडले गेले.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट आपल्याला पुनःपुन्हा दिसते. केनियात हुकूम होता, पण घरातला आवाज नव्हता. म्हणून तो उलटला. सेनेगलमध्ये आधी गावे बोलली, मग कायदा आला. आपल्याकडे घरातला आवाज केव्हाच उठला आहे. ज्या धर्मव्यवस्थेच्या जमाती कायदा असलेल्या देशांत खतना थांबवायला सांगू शकतात, तिच्याकडून मुंबईतही तीच अपेक्षा ठेवण्यात धर्माचा कोणताही अवमान नाही. सात वर्षांच्या मुलीचे शरीर तिचे आहे, हे या देशाने कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहायला हवे.