टँकर-नियोजन (जालना जिल्हा)

टंचाईकाळात गावे, वाड्या व तांडे यांना ट्रक-टँकरने पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी वाहने, खेपा आणि पाण्याचे उद्भव यांची केलेली आगाऊ आखणी. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या, आठ तालुक्यांच्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. मात्र बहुतेक भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी साठते ते मुरमाच्या थरात आणि भेगांत. म्हणून पावसाने ओढ दिली की हिवाळ्यातच विहिरी तळ गाठू लागतात.

आराखडा : टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून या काळासाठी, प्रत्येकी तीन महिन्यांच्या तीन टप्प्यांत बनतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची ऑक्टोबरमधील पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. त्यावरून संभाव्य टंचाईची गावे ठरतात. नळयोजनेची दुरुस्ती, विंधन विहीर, खाजगी विहिरीचे अधिग्रहण हे उपाय अपुरे पडल्यावरच टँकर दिला जातो. त्याआधी ग्रामपंचायतीचा प्रस्ताव येतो आणि महसूल व पंचायत समितीचे अधिकारी मिळून पाहणी करतात.

खेपांचा हिशोब : ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज २० लिटरचा निकष धरतात. २,००० लोकवस्तीला ४०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या चार खेपा लागतात. त्या एका वाहनाने होतील की नाही, हे उद्भवाचे अंतर, रस्ता आणि भरणा-ठिकाणची वीज यांवर ठरते. पंप बंद पडला की टँकर रांगेत थांबतात आणि खेपा बुडतात. त्यामुळे जवळची पाण्याची विहीर वेळेत अधिग्रहित करणे हे वाहने वाढवण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. गावात टँकर सहसा सार्वजनिक विहिरीत किंवा टाकीत रिकामा करतात. पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात आणि खेपेची नोंद लॉगबुकात होते. वाहनावर जीपीएस यंत्रणाही असते.

इतिहास : २०१२-१३च्या दुष्काळात निजामकालीन घाणेवाडी तलाव आटला आणि जालना शहरही टँकरवर आले. २०१३मध्ये जायकवाडीचे पाणी जलवाहिनीने शहरात पोचले. ग्रामीण भागातील गरज मात्र टिकून राहिली. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्याने दुष्काळी जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड व मंठा हे पाच होते. पाऊस लांबला, तर जूननंतरही टँकरला मुदतवाढ द्यावी लागते.