पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचारांची निवड

पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग हा प्रामुख्याने पन्नाशीनंतरच्या पुरुषांमध्ये आढळणारा आजार आहे. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असल्यास सक्रिय देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे तीन मुख्य पर्याय असतात. कमी आणि मध्यम धोक्याच्या बहुतेक रुग्णांमध्ये या पर्यायांनंतरच्या आयुर्मानात फारसा फरक दिसत नाही. लघवीवरील नियंत्रण, लैंगिक क्षमता आणि आतड्यांचे कार्य यांवर होणारे परिणाम मात्र प्रत्येक पर्यायात वेगळे असतात. त्यामुळे उपचाराची निवड आणि उपचारानंतरचे जीवन यांचा विचार एकत्रित करावा लागतो.

शरीररचना

पुरःस्थ ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असून मूत्रमार्गाचा सुरुवातीचा भाग तिच्यातून जातो. तिच्या खालच्या टोकाशी लघवी रोखून धरणारा स्नायू, दोन्ही बाजूंना लिंगाच्या ताठरतेसाठी आवश्यक असलेल्या मज्जातंतूंचे जाळे आणि मागील बाजूस गुदाशय असतो. या निकटतेमुळे ग्रंथीवरील कोणत्याही उपचाराची झळ शेजारच्या अवयवांना बसू शकते.

धोक्याचे वर्गीकरण

निवडीपूर्वी रोगाचा धोका ठरवला जातो. त्यासाठी रक्तातील पीएसए या प्रथिनाची पातळी, बायोप्सीतील ग्लीसन गुणांक आणि रोगाचा शारीरिक विस्तार विचारात घेतात. प्रचलित वर्गीकरणानुसार पीएसए १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी, ग्लीसन गुणांक ६ आणि गाठ लहान असल्यास धोका कमी मानतात. पीएसए २० पेक्षा अधिक किंवा ग्लीसन गुणांक ८ ते १० असल्यास धोका जास्त समजला जातो. रुग्णाचे वय, अन्य आजार आणि अपेक्षित आयुर्मान हेही निर्णायक ठरतात.

उपचारांचे पर्याय

सक्रिय देखरेख: यात तत्काळ उपचार न करता ठरावीक काळाने पीएसए तपासणी, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करतात. रोग वाढल्याची चिन्हे दिसल्यास बरे करण्याच्या उद्देशाने उपचार सुरू होतात. वृद्ध किंवा इतर गंभीर आजार असलेल्या रुग्णांबाबत अवलंबली जाणारी 'सावध प्रतीक्षा' याहून वेगळी आहे. तीत केवळ लक्षणे उद्भवल्यास त्यांवर उपचार करतात.

शस्त्रक्रिया: यात संपूर्ण ग्रंथी आणि वीर्यकोश काढून मूत्राशय मूत्रमार्गाला जोडला जातो. अमेरिकी शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये ताठरतेचे मज्जातंतू जपणारी पद्धत प्रथम वापरली. यंत्रमानवाच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी होतो.

किरणोपचार: बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचाराचा कालावधी पूर्वी सात आठवड्यांहून अधिक असे, आता तो अनेकदा २० सत्रांत, म्हणजे चार आठवड्यांत पूर्ण होतो. काही रुग्णांमध्ये किरणोत्सारी स्रोत ग्रंथीतच ठेवतात. या पद्धतीस ब्रॅकीथेरपी म्हणतात. जास्त धोक्याच्या रोगात किरणोपचारासोबत दीर्घकाळ संप्रेरक उपचार दिला जातो.

संप्रेरक उपचार: टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कमी केल्यास हा कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पसरलेल्या रोगात हा उपचारांचा पाया आहे. तो इंजेक्शनद्वारे किंवा दोन्ही वृषण काढण्याच्या शस्त्रक्रियेद्वारे साधता येतो.

तुलनात्मक पुरावा

ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' चाचणीत १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे १५ वर्षांनंतर या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के होते. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. मात्र रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ आणि किरणोपचाराच्या गटात ५.० टक्के होते. देखरेखीच्या गटातील सुमारे ६१ टक्के पुरुषांनी या काळात पुढे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतला.

याच चाचणीत सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ४६ टक्के पुरुष लघवी गळत असल्याने पॅड वापरत होते. सहा वर्षांनंतर हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले; तेव्हा ते देखरेखीच्या गटात ८ आणि किरणोपचाराच्या गटात ४ टक्के होते. संभोगास पुरेशी ताठरता असल्याचे सुरुवातीला ६७ टक्के पुरुषांनी सांगितले होते. सहा महिन्यांनंतर हे प्रमाण देखरेखीच्या गटात ५२, किरणोपचाराच्या गटात २२ आणि शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के होते. आतड्यांचा त्रास मुख्यत्वे किरणोपचारानंतर आढळला.

उपचारानंतरची सुधारणा

शस्त्रक्रियेनंतर साधारणतः एक ते दोन आठवडे लघवीची नळी ठेवली जाते. ती काढल्यावर लघवी गळणे अपेक्षित असते आणि बहुतेकांमध्ये ते काही महिन्यांत कमी होत जाते. कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम (कीगल व्यायाम) शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घेतल्यास ते नंतर करणे सोपे जाते. एक वर्षानंतरही तीव्र गळती राहिल्यास कृत्रिम झडपेसारख्या शस्त्रक्रियेचा पर्याय असतो.

मज्जातंतू जपले तरी ताठरता परत येण्यास दोन वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो. सिल्डेनाफिलसारख्या औषधांचा उपयोग होतो. परंतु हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांना ती वर्ज्य आहेत. शस्त्रक्रियेनंतर वीर्यस्खलन होत नाही. म्हणून अपत्याची इच्छा असल्यास आधीच शुक्राणू साठवून ठेवावे लागतात. किरणोपचारात वारंवार लघवी, थकवा आणि शौचाची घाई ही लक्षणे बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. गुदाशयातील रक्तस्राव मात्र महिन्यांनी किंवा वर्षांनीही उद्भवू शकतो. संप्रेरक उपचारामुळे अंगातून गरम वाफा येणे, कामेच्छा कमी होणे, स्नायूंचा ऱ्हास आणि हाडांची झीज हे परिणाम होतात. नियमित व्यायामाने त्यांतील काहींची तीव्रता कमी होते.

लघवी आणि लैंगिकतेविषयीच्या संकोचामुळे अनेक रुग्ण या तक्रारी डॉक्टरांना सांगत नाहीत. त्यामुळे उपचार करता येण्याजोगे त्रासही वर्षानुवर्षे सहन केले जातात. निर्णयाच्या चर्चेत पत्नीचा किंवा जोडीदाराचा सहभाग यासाठी उपयुक्त मानला जातो.

पाठपुरावा

शस्त्रक्रियेनंतर पीएसए जवळजवळ शून्यावर यावे अशी अपेक्षा असते; ते ०.२ किंवा त्याहून अधिक झाल्याचे पुन्हा केलेल्या तपासणीत निश्चित झाल्यास रोग परतल्याचे समजतात. किरणोपचारानंतर पीएसए हळूहळू घटते. गाठलेल्या नीचांकापेक्षा २ ने वाढ झाल्यास रोग परतल्याचे मानतात. शस्त्रक्रियेनंतर रोग परतल्यास किरणोपचाराने तो पुन्हा बरा होण्याची शक्यता असते.

भारतातील स्थिती

भारतात अनेक रुग्णांचे निदान रोग पसरल्यानंतर होते. त्यांच्या बाबतीत देखरेखीचा पर्याय उरत नाही. जास्त धोक्याच्या, परंतु लसिका ग्रंथींत न पसरलेल्या रोगावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २२४ रुग्णांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर पीएसए न वाढता राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण संपूर्ण ओटीपोटावर किरणोपचार दिलेल्या गटात ९५.० टक्के, तर केवळ ग्रंथीवर दिलेल्या गटात ८१.२ टक्के होते. एकूण आयुर्मानात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.