फ्लॉपी फाइलीत कशी मावली

आयबीएमने 1983 साली पीसी-एक्सटी बाजारात आणला, तेव्हा त्यातली हार्ड डिस्क होती 10 एमबीची. त्या काळची फ्लॉपी 360 केबीची. म्हणजे अठ्ठावीसेक फ्लॉप्या उतरवून घेतल्या की हार्ड डिस्क गच्च, डॉस ठेवायलाही जागा नाही. अशा वेळी अख्खी फ्लॉपी जशीच्या तशी हार्ड डिस्कवर ठेवू या, असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. नक्कल हवी असेल तर दुसरी फ्लॉपी आणायची, हाच रिवाज होता.

त्यासाठी डॉसमध्ये पहिल्यापासून ‘डिस्ककॉपी’ ही कमांड होती. फ्लॉपीवर कोणत्या फायली आहेत याच्याशी तिला काही देणंघेणं नसे. पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्या ट्रॅकपर्यंत जे दिसेल ते उचलायचं आणि दुसरीकडे तसंच मांडायचं. बूट सेक्टरसुद्धा, आणि तिथे एखादा व्हायरस दबा धरून बसला असेल तर तोही. एकच ड्राइव्ह असलेल्यांचे मात्र हाल होत. मूळ फ्लॉपी घाला, मेमरी भरली, आता कोरी घाला, पुन्हा मूळ घाला. पुढे 1.44 एमबीची फ्लॉपी आली, आणि ती डॉसच्या 640 केबी मेमरीत मावणं शक्य नसल्याने तीन फेऱ्या ठरलेल्याच. मध्येच अदलाबदल झाली तर मूळ मालच पुसला जायचा, म्हणून जाणती माणसं आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची खिटी सरकवून ठेवत. 1993 च्या एमएस-डॉस 6.2 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही ये-जा संपवली. मधला साठा आता हार्ड डिस्कवर होऊ लागला. पण काम झालं की तो साठा पुसला जाई. फ्लॉपीची आयती इमेज, म्हणजे फाइलीतली हुबेहूब नक्कल, हाताशी आलेली असताना ती टाकून द्यायची, हा करंटेपणाच म्हणायचा.

युनिक्सवाले तोवर कधीच पुढे गेले होते. त्यांच्याकडे 1974 च्या पाचव्या आवृत्तीपासून ‘डीडी’ होती. युनिक्सला ड्राइव्हही फाइलीसारखाच दिसतो, त्यामुळे ‘इकडून घे, तिकडे ठेव’ एवढं सांगितलं की झालं. सांगण्याची तऱ्हा मात्र विचित्र, आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या जॉब कंट्रोल भाषेच्या वळणाची. एक अक्षर चुकलं तर डीडी बिनबोभाट भलत्याच डिस्कवर लिहून मोकळी होते. हा स्वभाव तिने अजून सोडलेला नाही.

डीडीने बनवलेल्या फाइलीत फ्लॉपीखेरीज काहीच नसतं. 1.44 एमबीची फ्लॉपी घ्या: 80 ट्रॅक, 2 बाजू, दर ट्रॅकवर 18 सेक्टर, दर सेक्टरमध्ये 512 बाइट. गुणाकार करा: 14,74,560. फाइलही नेमकी तेवढ्याच बाइटची, ना मथळा, ना तारीख, ना सही.

या साध्या फाइलीला खरी गिऱ्हाइकं मिळाली ती 1991 नंतर. लिनस टॉरवाल्ड्सचं लिनक्स इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं तर ते बूट आणि रूट अशा दोन फ्लॉप्यांच्या इमेज म्हणून मिळायचं. पण उतरवून घेणाऱ्याच्या घरी असायचं डॉस, आणि डॉसकडे डीडी नव्हती. ही फट बुजवली मार्क बेकर यांच्या ‘रॉराइट’ या चिमुकल्या प्रोग्रॅमने. तो दोनच प्रश्न विचारायचा: इमेज कुठली आणि ड्राइव्ह कुठला. मग फ्लॉपी घाला म्हणायचा आणि ट्रॅक मोजत बसायचा. एखादा सेक्टर खराब निघाला की तिथेच अडायचा. अशा फ्लॉपीची मनधरणी करण्यात अर्थ नसे, सरळ नवी काढायची. पुढची कैक वर्षं लिनक्स बसवणाऱ्याची पहिली भेट रॉराइटशीच होत असे.

पण सगळ्याच फ्लॉप्या काही अशा सरळ नसतात. सीपी/एम या डॉसच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जमान्यात जवळजवळ प्रत्येक कंपनीने सेक्टरची मांडणी आपल्या मर्जीने केली होती. शिवाय नक्कल होऊ नये म्हणून मुद्दाम वाकडे सेक्टर लिहिणारे वेगळेच. यांच्यासाठी अमेरिकेतल्या सायडेक्स कंपनीने ऐंशीच्या दशकात ‘टेलीडिस्क’ काढलं. फ्लॉपी मोडेमवरून पाठवता यावी, हा त्यामागचा हेतू. सेक्टर कोणत्या क्रमाने आहेत, कोणता बिघडलेला आहे, अशी सारी नोंद ते ठेवायचं. रिकाम्या सेक्टरमध्ये एकच बाइट 512 वेळा लिहिलेला असेल तर तेवढं सगळं चार-दोन बाइटांत गुंडाळायचं. महागड्या फोनबिलाच्या काळात हे फार हुशारीचं काम होतं.

या हुशारीची किंमत नंतर मोजावी लागली. टेलीडिस्कच्या फाइलीची रचना सायडेक्सने कधी जाहीर केली नाही. पुढे तो प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला आणि बाजारातून दिसेनासा झाला. जुन्या यंत्रांच्या शेकडो फ्लॉप्या टेलीडिस्कच्या फायलींत सुखरूप होत्या आणि त्या रीतसर उघडण्याची सोय कुठेच नव्हती. शेवटी हौशी मंडळींनी एकेक बाइट चिवडून रचना शोधून काढली. जतन करण्यासाठी म्हणून निवडलेलं साधनच आधी जतन करावं लागलं, आणि यात नवल काही नाही, कारण ते जतनासाठी बनलंच नव्हतं.

कॅनडातल्या डेव्ह डनफील्ड यांनी यावरून धडा घेतला. त्यांच्या ‘इमेजडिस्क’च्या फाइलीची रचना पहिल्यापासून उघड आहे. फाइलीच्या सुरुवातीला साध्या अक्षरांत तारीख आणि वाटेल तेवढा मोठा शेरा, आणि त्यानंतर डॉस ज्याला मजकुराचा शेवट समजतं तो बाइट. त्यामुळे कोणताही खास प्रोग्रॅम नसला तरी डॉसची ‘टाइप’ कमांड शेरा दाखवते आणि पुढचा कचरा पडद्यावर न ओतता थांबते. ही फ्लॉपी कुठली, कुठल्या यंत्राची, हे कुणालाही वाचता येतं. या सबंध कुळातली मला सर्वात आवडलेली युक्ती हीच.

यानंतरची पिढी सेक्टरच्याही खाली उतरली. क्रायोफ्लक्ससारखी उपकरणं पीसीच्या फ्लॉपी कंट्रोलरला बाजूला सारतात आणि चुंबकीय बदलांमधलं अंतरच टिपून घेतात. ‘डबल डेन्सिटी’ फ्लॉपीवर पीसीच्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर ते 4, 6 किंवा 8 मायक्रोसेकंदांचं असतं. त्याचा अर्थ नंतर सवडीने लावता येतो, फ्लॉपी झिजण्याआधी टिपून घेणं महत्त्वाचं. क्रायोफ्लक्सची इमेज मूळ फ्लॉपीच्या कितीतरी पट मोठी होते, पण आता दहा एमबीला कोण विचारतो?

इमेज पुन्हा फ्लॉपीवर उतरवण्याची गरजही हल्ली बरीच संपली आहे. भरतकामाची संगणकी यंत्रं अजून धडधाकट चालतात, पण त्यांना नक्षी फ्लॉपीतूनच लागते. तिथे ड्राइव्ह काढून ‘गोटेक’ नावाचा डबा बसवतात. समोर यूएसबी पेनड्राइव्हची खोबण, दोन बटणं आणि तीन आकडे दाखवणारी छोटी पट्टी. बटण दाबून 007 आणलं की यंत्राच्या लेखी सातव्या क्रमांकाची फ्लॉपी आत गेली. त्या डब्यासाठी केअर फ्रेझर यांनी ‘फ्लॅशफ्लॉपी’ हे मोफत फर्मवेअर लिहिलं आहे, आणि डीडीने बनवलेली साधी 14,74,560 बाइटची फाइल ते काही न विचारता चालवतं.