ताडकळसची लेव्हल

तुमच्या बॅगेतला तो नवा रेकॉर्डर इथेच ठेवा. तो बत्तीस-बिट फ्लोटचा आहे, कीर्तनात पखवाजाची थाप कितीही जोरात पडली तरी घरी आल्यावर आवाज खाली ओढून घेता येतो, सगळं मान्य. पण आपण निघालोय १९९६ सालात. तिथं खांद्याला डॅट लावून जायचं. टेप आहे, पण डिजिटल. कॅसेट काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. अंगावर एक नॉब, एक मीटर, आणि मीटरच्या उजव्या टोकाला शून्य.

त्या शून्याची भीती बाळगा. साध्या कॅसेटवर काटा जरा लाल पट्टीत गेला तर टेप सांभाळून घेते, आवाज किंचित जाडसर होतो इतकंच. डॅटवर शून्याच्या पुढे मोजायला आकडाच नसतो. लाटेचा माथा सपाट कापला जातो, आवाज फाटतो आणि तो पुढे कुणालाही शिवता येत नाही.

रविवार, ७ एप्रिल. तुम्ही ताडकळसला पोचलात. परभणी जिल्हा अजून अखंड आहे, हिंगोली वेगळी व्हायला तीन वर्षं आहेत. गुरुवारी पहाटे खग्रास चंद्रग्रहण होऊन गेलंय, बायकांमध्ये त्याचीच बोलणी चाललीत. लोकसभेची निवडणूक तोंडावर आहे. म्हणजे भोंगा लावलेली जीप कधीही गल्लीत शिरू शकते, हे डोक्यात ठेवा.

तुम्ही ज्यांच्या मागोमाग आलात, ते काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांचं. जात्यावरच्या ओव्या त्यांनी गावोगाव जाऊन गोळा केल्या, लाखाच्या वर. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी आवाजासकट टिपल्या; ते ध्वनिमुद्रण शंभर तासांहून जास्त भरतं. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्यांवर आजची तारीख पडणार आहे. तुम्ही मात्र शेजारच्या वाड्यात बसा. तिथं कुणाला तुमचं नाव माहीत नाही, तेच बरं.

ओसरीवर जातं मांडलंय. खरं तर रोजचं दळण आता गिरणीतच जातं. जातं हळदीला, डाळ भरडायला आणि तुमच्यासारख्या पाहुण्यांसाठी. पण जात्याशिवाय म्हणायला बसवलं तर सूर लागत नाही म्हणतात बायका, आणि ते खरंच आहे, हात फिरत असला की श्वासाला ठेका मिळतो. माईकचा स्टँड सरळ फरशीवर ठेवू नका. दगडाची घरघर फरशीतून वर चढेल. गोधडीची चौपदरी घडी घाला आणि त्यावर ठेवा.

‘ऑटो’ असं काही बटण दिसलं तर बंद करा. बाई श्वास घ्यायला थांबली की ते यंत्र शांतता सहन न होऊन आवाज वाढवतं, आणि दोन गल्ल्या पलीकडची पिठाची गिरणी तुमच्या टेपवर येऊन बसते. ज्या गिरणीनं ओव्या थांबवल्या तीच ओवीच्या फटीतून ऐकू येते. हेडफोन लावा, खात्री पटेल.

“म्हणू का वो?”

म्हणा, म्हणा. थोडं म्हणून दाखवा आधी.

इथंच नवा माणूस चुकतो. चाचणीची ओवी लाजत म्हटलेली असते. पदर तोंडाशी, डोळे माईककडे. मीटर वजा चोवीसच्या आसपास रेंगाळतो आणि तुमची बोटं नॉबकडे सरकतात: एवढासा आवाज, थोडा वाढवावा की! हात मागे घ्या. जरा हिशेब करा. दर सहा डेसिबलला एक बिट जातो. चोवीस म्हणजे चार बिट गेले, डॅटच्या सोळा बिटांतले बारा उरले, म्हणजे बहात्तर डेसिबल. हे साध्या कॅसेटला जमणाऱ्या आवाक्यापेक्षा जास्तच, आणि या वाड्यातल्या चिमण्या, बकरी, गिरणी धरली तर कितीतरी जास्त. खालच्या बाजूनं तुम्ही काहीच गमावत नाही. वर मात्र चोवीस डेसिबलची जागा मोकळी आहे, आणि ती कशासाठी लागणार हे अजून त्या बाईलाही माहीत नाही.

सुरू होतं. पहिल्या चार-पाच ओव्या भावाच्या, माहेराच्या. मग सीतेचा वनवास येतो. पदर कधी खाली आला कळतच नाही. समोर बसलेली दुसरी बाई खुंट्याला हात घालते, ओळ उचलते, आणि दोघींचा आवाज एकदम उठतो. मीटर वजा नऊ, वजा सात. नॉब वाढवला असता तर ही ओवी गेली होती.

मग एकाएकी मीटर वजा दोनला उडी मारतो आणि खाली येतो. पुन्हा मारतो. गाणं तर तेवढंच आहे. डोळ्यांनी शोधू नका, कानांनी शोधा: काचेच्या बांगड्या. खुंटा माईकसमोरून फिरतो तेव्हा मनगटावरचा चुडा किणकिणतो. कानाला तो नाजूक वाटतो, पण त्याची सुरुवात इतकी टोकदार असते की मीटरवर गळ्याच्याही वर जातो. आता काय, बाईला बांगड्या उतरवायला सांगणार? शहरातल्या स्टुडिओत कदाचित सांगतीलही. इथं हा प्रश्न तोंडातून काढायचाही नाही. माईक उचलून हातभर बाजूला न्या, खुंट्याच्या फेऱ्याबाहेर, ओठांच्या उंचीवर. थोडा मागे गेला तरी चालेल. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल आपोआप उतरतात. नॉबच नसलेल्या काळात माणसांनी हेच केलं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं भोंग्यात टिपलं गेलं तेव्हा त्या यंत्राला लेव्हल म्हणजे गाणाऱ्याचं तोंड आणि भोंगा यांच्यातलं अंतर. मला तर वाटतं, तुमच्या त्या बत्तीस-बिटवाल्या रेकॉर्डरनंही या बांगड्यांचं काही केलं नसतं. फाटला नसता आवाज, पण ओवीच्या पुढ्यात किणकिणाट तसाच राहिला असता.

जीप आली. भोंग्यावर कुणाला तरी प्रचंड मतांनी विजयी करायचंय. बायका थांबल्या, हसल्या. टेप चालू राहू द्या. थांबवून पुन्हा सुरू करण्यात पहिला शब्द हमखास हुकतो, आणि टेप तेवढी महाग नाही.

सगळं आटोपलं की गावाचं नाव, तारीख आणि माईक कुठं होता ते स्वतःच्या आवाजात टेपवर सांगा. कॅसेट बाहेर काढा, पाठीवरची छोटी खिटी सरकवा, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही. चहा येतो. तो पिऊन तुम्ही उठणार, एवढ्यात इतका वेळ दारात नुसती उभी असलेली म्हातारी आत येते, जात्याशी बसते आणि म्हणते, “माझ्या बी दोन घ्या की.”

खिटी परत सरकवा. आणि हिची लेव्हल नव्यानं लावा.