संयुक्त अरब अमिरातीमधील कर व इंधनदर

संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीच्या पगारावर प्राप्तिकर आकारला जात नाही. नोकरीसाठी तेथे स्थलांतर करू इच्छिणारे प्रथम याच बाबीचा विचार करतात. मात्र करमुक्त पगार म्हणजे करमुक्त राहणी नव्हे.

इंधनदर

पेट्रोल व डिझेल यांच्या दरांवरील सरकारी नियंत्रण ऑगस्ट २०१५ मध्ये संपुष्टात आले. तेव्हापासून जागतिक बाजारभावानुसार दरमहा नवे दर जाहीर होतात. त्यामुळे वर्षभराचा इंधनखर्च एका महिन्याच्या दरावरून ठरवता येत नाही.

अप्रत्यक्ष कर व शुल्के

१ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लागू असून तो इंधनाच्या किमतीतही समाविष्ट असतो. दुबईत भाडेकरूंकडून वार्षिक घरभाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क वीज-पाण्याच्या देयकातून हप्त्यांनी घेतले जाते. तेथील प्रमुख मार्गांवर २००७ पासून 'सालिक' हा पथकर आकारला जातो.

भारतीय नागरिकांची करस्थिती

अनिवासी भारतीयाने परदेशात मिळवलेला व तेथेच स्वीकारलेला पगार भारतात करपात्र नसतो. भारतातील घरभाड्यासारखे उत्पन्न मात्र करपात्रच राहते. निवासी दर्जा मुख्यतः भारतातील वास्तव्याच्या दिवसांवरून ठरतो. म्हणून वर्षाच्या मध्यावर स्थलांतर करणाऱ्यांनी प्रस्थानाची तारीखही हिशेबात धरणे आवश्यक ठरते.